झाडं काढणारे लहानूभाऊ

लहानू मांदाडेंनी आयुष्यातलं पहिलं झाड काढलं ते पोटासाठी. काढलं म्हणजे कॅमेऱ्यात काढलं. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण नागभीडच्या टपरीवर कोणी ‘लहानूभाऊ झाडं काढतात’ म्हणालं की नवा माणूस त्यांच्या हातात कुऱ्हाड शोधतो.

स्टेशन रोडवर त्यांचा फोटो स्टुडिओ. पासपोर्ट साइज, शाळेची ओळखपत्रं, बारशी, आणि उन्हाळाभर लग्नं. नवरा-नवरीच्या मागे बर्फाचे डोंगर चिकटवण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. ज्या नवरीने ब्रह्मपुरीच्या पुढे गाव पाहिलं नाही, ती लहानूभाऊंच्या अल्बममध्ये बर्फात उभी असे, आणि पायातली जोडवी बर्फावर चमकत असत.

मग एका वर्षी रस्ता रुंद करायचं काम निघालं. वीस किलोमीटरच्या पट्ट्यातली तीनशे चाळीस झाडं जाणार होती आणि कागदोपत्री प्रत्येकाचा फोटो लागत होता. खोडावर चुन्याने नंबर, आणि नंबर वाचता येईल असा फोटो. ठेकेदाराच्या माणसाने तीन दिवसांचं काम म्हणून सांगितलं. लहानूभाऊंनी पहिल्या दिवशी पासपोर्ट काढावेत तशी झाडं काढली. समोरून, मधोमध, डोकं कापलं जाणार नाही असं. चिंच, चिंच, कडुलिंब, आंबा, बाभूळ. साठ झाडं झाली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा हात अडखळला. एक चिंच रस्त्यावर अशी वाकलेली होती, जसा म्हातारा माणूस बस आली का म्हणून वाकून बघतो. तिच्या शेजारची चिंच पाठ ताठ करून उभी. एकाच जातीची, एकाच वयाची, पण एकीला दुसरी म्हणायची सोय नव्हती. सकाळी आठला काढलेलं झाड त्यांनी दुपारी पुन्हा पाहिलं तर त्याचा चेहरामोहराच बदललेला. लहानूभाऊ थांबायला लागले. ऊन खोडावर येईपर्यंत, समोरचा ट्रक जाईपर्यंत, वारा पडेपर्यंत. ठेकेदाराचा माणूस वैतागला. तीन दिवसांच्या कामाला अकरा दिवस लागले, आणि वरचे आठ दिवस त्यांनी पदरचे घातले.

दिवाळीनंतर झाडं गेली. रस्ता चांगला झाला, दवाखान्याची गाडी लवकर पोहोचते, हे लहानूभाऊ आजही कबूल करतात. पण दोन महिन्यांनी त्या रस्त्यावरचे एक शेतकरी, गुणवंतराव म्हणून, स्टुडिओत आले. बाकावर बसले. ज्योत्स्नाबाईंनी, म्हणजे लहानूभाऊंच्या पत्नीने, पाणी दिलं. मग गुणवंतरावांनी विचारलं, एकशे सत्त्याऐंशी नंबर आहे का तुमच्याकडे? त्यांच्या घरासमोरची चिंच होती ती.

फोटो होता. पण खोडावर तो पांढरा नंबर होता, आणि गुणवंतरावांना तो नको होता. बर्फाचे डोंगर चिकटवणारा माणूस दोन दिवस संगणकापुढे बसला आणि आकड्याच्या जागी तिचीच साल, भेगेला भेग जुळवत, भरत गेला. मोठा प्रिंट काढून दिला तेव्हा गुणवंतरावांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि एवढंच म्हणाले, “हे माह्यी चिंच.”

विकलेला पहिला प्रिंट तो. त्यानंतर लहानूभाऊंना दुसरं काही सुचेना.

लग्नाची तारीख नसेल त्या दिवशी पहाटे मोटरसायकल निघायची. मागे ट्रायपॉड, पुढे पाण्याची बाटली आणि ज्योत्स्नाबाईंनी फडक्यात बांधलेल्या भाकरी. जानेवारीत बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाण्यावर धुकं बसतं आणि काठावरची अर्जुनाची झाडं कमरेपासून वर तेवढीच दिसतात. फेब्रुवारीत काटेसावर फुलून लाल होते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, पण ती दिसते सकाळच्या तिरप्या उन्हातच. नऊनंतर ती सपाट होते. हे त्यांना कोणी शिकवलं नाही. एकाच ऐनासमोर सात वेळा जाऊन त्यांनी ते मिळवलं. आलापल्लीच्या सागवनात पहिल्यांदा गेले तेव्हा दिवसभर हिंडून एकही फोटो न काढता परत आले. ज्योत्स्नाबाईंनी विचारलं तर म्हणाले की नुसती मान वर करूनच दिवस गेला.

लोक हसत. या भागात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या माणसाला एकच प्रश्न असतो, वाघ दिसला काय? लहानूभाऊंना तो तीनदा दिसला होता आणि तिन्ही वेळा त्यांनी कॅमेरा खाली ठेवून मोटरसायकल चालू केली होती. नागपूरच्या एका गृहस्थांना त्यांचा अर्जुनाचा फोटो फार आवडला. फक्त खाली पाण्यापाशी एक वाघ बसवून द्या म्हणाले. येतं तुम्हाला, दुप्पट देतो. लहानूभाऊंनी सांगितलं की मी तिथं चार तास बसलो होतो, वाघ आला नव्हता. गृहस्थ समजले नाहीत. तो फोटो पुढे ब्रह्मपुरीच्या एका डॉक्टरांनी घेतला आणि दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत लावला. ताप आलेली माणसं त्याच्याखाली बसून ही वैनगंगा की आपली बोडी यावर वाद घालतात.

हळूहळू प्रिंट विकले जाऊ लागले. शिक्षक, बँकेतले साहेब, घर बांधलेले नोकरदार. चंद्रपूरला एक प्रदर्शनही झालं. स्टुडिओ बराचसा ज्योत्स्नाबाईंनीच अंगावर घेतला. पासपोर्ट त्या नवऱ्यापेक्षा चांगले काढतात, कारण समोरच्या माणसाला त्या हसवत नाहीत.

मग रिसॉर्टचं काम आलं. व्याघ्र प्रकल्पाच्या एका फाटकाजवळ नवीन रिसॉर्ट झालं होतं. तिथले व्यवस्थापक अजय नावाचे तरुण गृहस्थ. त्यांना प्रत्येक खोलीत एक झाड हवं होतं, आणि स्वागतकक्षात एक मोठं. आतापर्यंतची सगळ्यात मोठी मागणी. मोठ्या फोटोसाठी लहानूभाऊंनी आपला सगळ्यात आवडता मोह दिला. कोसमटोल्याच्या वाटेवर, टेकाडावर उभा असलेला, भोवती मोकळी जमीन आणि मागे धुकं. त्या धुक्यासाठी ते तीन सकाळी गेले होते. पाच फुटांचा प्रिंट झाला. रिसॉर्टने खाली पितळी पट्टी लावली, ‘एकटं झाड’.

लहानूभाऊ तिथं गेले की त्या फोटोपुढे दोन मिनिटं उभे राहत. कुणी बघत नाही ना, हे बघून.

दोनेक महिन्यांनी अजयचा फोन आला. हसत हसत सांगत होते, भाऊ, तुमच्या झाडाला मालक निघाला. झाडलोट करायला येते ना ती बुधरी, ती म्हणते हा आमचा मोह आहे आणि पाटी खोटी आहे. अजयना ती गंमत वाटली होती. लहानूभाऊ हसले नाहीत. त्यांनी फोन ठेवला. ज्योत्स्नाबाईंनी काय झालं विचारलं, तेव्हा म्हणाले, एवढी वर्षं झाडं काढली, पण कोणाचं आहे हे एकशे सत्त्याऐंशी सोडलं तर कधी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ते रिसॉर्टवर गेले. बुधरी कुमरे पस्तीस-चाळिशीची, कामाचा निळा कोट घातलेली, हातात फडकं. आपली तक्रार इतकी लांब जाईल असं तिला वाटलं नव्हतं. नोकरीचं काही होईल की काय म्हणून ती दारातच थांबली. लहानूभाऊंनी तिला बाई म्हणून हाक मारली आणि सांगितलं, फोटो मी काढला आहे, चूक असेल तर माझी आहे, तुम्ही बोला.

ती फोटोजवळ आली. फडक्याने काच पुसली, जणू आधी ते करायलाच हवं होतं.

“हा आमचा मोह हाय,” ती म्हणाली. “माह्या सासूच्या सासूपासून आमीच त्याची फुलं वेचतो. एकटा काऊन म्हणता त्याले? चार घरचे लोक असतात त्याच्याखाली.”

लहानूभाऊंनी विचारलं, मग फोटो उतरवू का?

बुधरीने नको म्हणून मान हलवली. मग म्हणाली, “राग नोका मानू, भाऊ. पन तुमी त्याची पाठ काढली. तोंड पलीकडे हाय.”

लहानूभाऊ त्या दिवशी घरी आले आणि जेवले नाहीत. त्यांना बाईचा राग आला नव्हता. तीन सकाळी त्या टेकाडावर जाऊन ते धुकं बघत बसले होते. झाडाला पलीकडची बाजू आहे हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं, कारण पलीकडून धुकं दिसत नव्हतं.

मार्चअखेरीला मोह फुलतो. लहानूभाऊ कोसमटोल्याला पोहोचले तेव्हा अजून उजाडायचं होतं. मोहाला बाया एकट्यादुकट्या जात नाहीत. वाघाचा भरवसा नाही. चार घरची माणसं टोपल्या घेऊन एकत्र निघतात आणि एकजण डबा वाजवत पुढे चालतो. बुधरीची सासू गुणाबाई त्यात होती. सत्तरीची, लुकडी, डोळ्याला धार असलेली. तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि सुनेला गोंडीत काही विचारलं. मग लहानूभाऊंना मराठीत सांगितलं की आता नाही. फुलं पडत आहेत, झाड कामात आहे, आम्ही कामात आहोत. कामातल्या माणसाला कोणी उभं करून फोटो काढतं का?

लहानूभाऊंनी आयुष्यभर कामातल्या माणसांना उभं करूनच फोटो काढले होते. त्यांनी कॅमेरा पिशवीत घातला आणि एक टोपली मागितली.

त्या दिवशी ते फुलं वेचत बसले, त्याच्या दुसऱ्या दिवशीही आणि तिसऱ्याही. पन्नाशी ओलांडलेला माणूस, उकिडवं बसून बसून कंबर धरली. वेचता वेचता त्यांना कळत गेलं. झाडाखालची जमीन आधी झाडून स्वच्छ करतात, पडलेल्या फुलाला माती लागू नये म्हणून. तेच मोकळं अंगण फोटोत पाहून रिसॉर्टवाल्यांना एकटेपणा वाटला होता. कोणती फांदी कोणाच्या घराची, हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि कोणी चुकतही नव्हतं. कोणाची फुलं आधी, कोणाची मागून. बुधरीचं लग्न ठरलं तेव्हा बोलणी याच्याच सावलीत झाली. तिची मुलगी करिश्मा, जी आता नागभीडला कॉलेजात जाते, ती रांगायला लागली ती या मुळ्यांवर. आणि पूर्वेच्या बाजूला दोन मुळ्यांच्या मध्ये बसायला एक खोलगट जागा होती, पिढ्यान्पिढ्या बसून गुळगुळीत झालेली. लहानूभाऊंनी फोटो काढला त्या बाजूने ती जागा दिसत नाही.

चौथ्या सकाळी गुणाबाई त्या खोलगट जागेत बसली, पाय पसरले, टोपली बाजूला ठेवली आणि म्हणाली, “आता काढ तुले काढाचा असन तर. आता त्याले फुरसत हाय.”

लहानूभाऊ पूर्वेला गेले. ट्रायपॉडचे पाय पार आखडून कॅमेरा वेचणाऱ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर आणला आणि स्वतः मातीत पालथे झाले. झाडांच्या फोटोत त्यांनी आजवर माणूस येऊ दिला नव्हता. शेळी आली तरी थांबत. यावेळी त्यांनी कोणालाच बाजूला हो म्हटलं नाही. उन्हाची पहिली तिरीप खोडाला लागली, जमिनीवरची फुलं पिवळी झाली. बुधरी वाकलेली, तिची जाऊ टोपली डोक्यावर घेत असलेली, म्हातारी मुळ्यांत बसलेली, आणि वर फुलांनी लगडलेल्या बिनपानांच्या फांद्या, सगळ्यांवर धरल्यासारख्या. अकरा फोटो काढले. सातव्याला त्यांना कळलं की झालं. उरलेले चार हाताला सवय म्हणून.

आता पाटीचं काय ते उरलं होतं. लहानूभाऊ रिसॉर्टवर गेले आणि अजयना म्हणाले, ‘एकटं झाड’ काढा आणि ‘मोह, कुमरे घराणं, कोसमटोला’ असं लिहा. नाहीतर हा नवा फोटो लावा, त्याचे पैसे नकोत. अजय माणूस वाईट नव्हता. बुधरीला त्यांनी एका शब्दानेही दुखावलं नव्हतं. त्यांनी मालकांना विचारलं. मालकांचं म्हणणं पडलं की पाहुणे शहरातून येतात ते एकांत शोधायला. कोण्या घराण्याचं झाड त्यांना कशाला? नव्या फोटोत गर्दी आहे. जुना आहे तोच, आहे त्या नावाने राहील.

लहानूभाऊंनी जुना फोटो विकत परत घेतला. भिंतीवरून स्वतः उतरवला. त्या मालकांचं दुसरं रिसॉर्ट होणार होतं, तिथलं काम अर्थातच गेलं. भिंतीवर आता वाघ आहे, आणि तो चांगला आहे असं लहानूभाऊ प्रामाणिकपणे सांगतात.

मोटरसायकलवर पाच फुटांचा फोटो काही येत नव्हता. ते मालवाहू रिक्षात मागे बसून फ्रेम दोन्ही हातांनी धरून नागभीडला आले. ज्योत्स्नाबाई दारात उभ्या होत्या. सगळं ऐकून घेतलं. एवढी मोठी मागणी हातची गेली याचं त्यांना वाईट वाटलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मग म्हणाल्या, “आनलं ते बरं केलं. त्या बुधरीले रोज ते पाटी पुसा लागत होती.”

हे लहानूभाऊंच्या ध्यानातही आलं नव्हतं.

नवा फोटो कोसमटोल्याच्या समाजमंदिरात लागला. लावायच्या दिवशी चारही घरं आली. पुरुष लांबून बघत राहिले, बायांनी जवळ जाऊन आपापली फांदी बोटाने दाखवली. गुणाबाईने स्वतःला फोटोत शोधलंच नाही. ती मुळ्यांकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने लहानूभाऊंच्या हातात सुकवलेल्या मोहफुलांची पुरचुंडी ठेवली. जाताना विचारलं, तुझ्या घरचं कोणतं झाड? लहानूभाऊ म्हणाले, वडिलांनी शेत विकलं तेव्हा मी लहान होतो.

त्याच फोटोची दुसरी प्रत नागपूरच्या प्रदर्शनात गेली. खाली नाव होतं, मोह, कुमरे घराणं, कोसमटोला. लोक आधी फोटो बघत, मग पाटी वाचत, मग पुन्हा फोटो बघत. करिश्मा मैत्रिणींना घेऊन मुद्दाम रेल्वेने गेली आणि फोटोशेजारी उभी राहून आलेल्या-गेलेल्याला आजी दाखवत बसली. आयोजकांनी तिला खुर्ची दिली.

तेव्हापासून लहानूभाऊ विचारल्याशिवाय झाड काढत नाहीत. आधी गावात जातात, कोणाचं आहे, तोंड कुठे आहे, विचारतात. पुष्कळदा नाही ऐकावं लागतं. काही झाडांत पेन, म्हणजे त्या घराचा देव असतो. तिथं कॅमेरा बाहेर येत नाही. पण प्रत्येक प्रिंटच्या मागे आता त्यांच्या अक्षरात दोन ओळी असतात, झाडाच्या आणि माणसांच्या. आणि गावंच त्यांना बोलावू लागली. पोंभुर्ण्याच्या एका घराने लेकीच्या सासरी द्यायला अंगणातला आंबा काढून नेला. भांडी दिली, पलंग दिला, आणि आंबाही दिला.

गेल्या हिवाळ्यात आलापल्लीहून इसरू आत्राम नावाच्या म्हाताऱ्याचा निरोप आला. वनखात्याच्या रोपवनात तो तरुणपणी रोजंदारीवर होता. त्याने हजारो साग लावले होते. त्यातल्या एकाचा फोटो हवा होता. कोणता, ते दाखवतो म्हणाला. वनखात्याची परवानगी काढून लहानूभाऊ गेले. रांगाच रांगा, सगळे साग एकसारखे सरळ, एकाच मापाचे. इसरू काठी टेकत एकेका खोडाला तळवा लावत चालला. दुपार झाली, सापडेना. लहानूभाऊंनी एकदाही घाई केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एका सागापाशी म्हातारा थांबला, भोवती फिरला, आणि खाली बसला.

काय आहे या झाडाचं, हे लहानूभाऊंनी विचारलं. इसरू म्हणाला, “मोठी पोरगी झाल्याचा निरोप आला तवा हातात हा होता.”

लहानूभाऊंनी ट्रायपॉड उघडला. ऊन अजून वर होतं, शेंड्याला. ते खोडावर उतरायला तासभर लागणार होता. दोघं पाचोळ्यात बसले, आणि इसरू पोरीबद्दल सांगत राहिला.